ग्रिगोरेच्या नावाचं पाणी

१

साबिनाचं तान्हं पोर निळं पडून गेलं, आणि त्याच्या थडग्यावरची माती सुकायच्या आत गावाने तीन खुनी ठरवून टाकले. आमच्या द्रागोलेश्तीत संशय हा एकच जिन्नस असा आहे, की कितीही वाटला तरी उरतोच.

तिघांपैकी एक मी होते.

शहरातल्या इस्पितळात पोराच्या टाचेतून रक्त काढलं, तर ते लाल नव्हतंच. कॉफीच्या गाळासारखं तपकिरी. ओठ जांभळे, नखं जांभळी. डॉक्टर म्हणाला, हे विष आहे. शेतात टाकतो त्या नायट्रेट खताच्या जातीचं, किंवा डुकराचं मांस खारवताना चोळतो त्या सोऱ्याच्या जातीचं. साबिनाला बाळंतपणानंतर ताप आला होता, अंगावरचं दूध आटलं होतं, म्हणून पोर डब्याच्या पावडरीवर. डबा माझ्या दुकानातला. खताची पोतीही माझ्याच दुकानात. गावाला आणखी काय हवं?

पोराचा बाप लिका इटलीत गवंडीकाम करायचा. बसमधून उतरला तो घरून कुऱ्हाड घेऊन तडक माझ्याकडे.

"लुक्रेत्सियामावशी, दूध आणि खत एका फळीवर ठेवतेस तू?"

"फळी वेगळी आहे, लेका. खत दाराशी, दूध गल्ल्यामागे. आणि ती कुऱ्हाड खाली कर, माझा फ्रिज नवा आहे."

तो हसला नाही. मीही हसवायला बोलले नव्हते. भीतीने माझी जीभ जास्तच चालते. त्याच्या मागोमाग साबिना आली. काळा रुमाल, कोरडे डोळे.

"सोड तिला, लिका. कुणालातरी मारायचं म्हणून मारायचं नाही. मला नाव हवंय. एकच, पण खरं. ते मिळालं की कुऱ्हाडीचं काय करायचं ते मी सांगेन."

कोपऱ्यात बिअरच्या क्रेटवर बसून हवालदार तानासे सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. हा माणूस गावात कुणाचाच नातलग नाही, म्हणून कुणालाच आवडत नाही. तो म्हणाला, "डबा तपासायला गेलाय. तोवर कुऱ्हाड मावशीकडे ठेव. साखरेच्या पोत्यामागे जागा आहे."

डब्याचा निकाल आला. दूध स्वच्छ. मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात तानासेने बियांची टरफलं झटकली.

"म्हणजे आता पाण्याकडे बघायला हवं."

मी छातीवर क्रूस केला. कारण साबिनाच्या घरातलं पाणी हे मेलेल्या माणसाचं पाणी होतं.

२

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या घरचे चाळीस दिवस पाणी वाटतात. एक कुमारी मुलगी रोज सकाळी, वाटेत कुणाशी न बोलता, मेलेल्याच्या विहिरीवरून एकाच ठरलेल्या घरी बादली नेते. त्या घराने प्यायला, रांधायला तेच पाणी वापरायचं. थेंबही सांडायचा नाही, शिळं म्हणून फेकायचं नाही. जो थेंब इथे मातीत जातो तो तिकडे मेलेल्याच्या तोंडचा जातो. घर शक्यतो गरिबाचं निवडतात, त्यातून तान्हं मूल असलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. पुण्यकर्माच्या बाजारात असल्या घराला भाव जास्त.

हिवाळा सरता सरता म्हातारा ग्रिगोरे मुशात गेला. चौकातली विहीर त्याच्याच नावाची. त्याचा मुलगा फानेल याने बाप जिवंत असतानाच ती खोदून, दगडावर नाव कोरून, साखळीला पेला लावून ठेवली होती. फानेल मुशात हे गावातलं बडं प्रस्थ. चढावर त्याची डुकरं. इतकी, की वारा फिरला की आमच्या जेवणात त्यांचा वाटा असतो. पाण्यासाठी फानेलने साबिनाचं घर निवडलं, आणि बादली वाहायला स्मारांदा ही सुताराची मुलगी.

गावाच्या यादीत स्मारांदा पहिली. कारण लिकाने आधी तिच्या बहिणीला शब्द दिला होता आणि लग्न केलं साबिनाशी. तानासेने तिला माझ्याच दुकानात बोलावलं. सरकारी चौकीत छत गळतं.

"काय गं, बादलीत काय टाकलंस?"

"घाम," स्मारांदा म्हणाली. "आणि वाटेत काही बोलायचं नाही म्हणून गिळलेल्या शिव्या. मुशातकाकाच्या विहिरीची बादली लोखंडी आहे, ठाऊक आहे तुम्हाला? एवढं बरं की पाणी वर आहे. दोर निम्मा गुंडाळलेलाच राहतो."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातही. ती विहीर कधी आटते का? आणि ऐका, माझ्या बहिणीचं म्हणाल, तर लिका गेला हे तिच्या नशिबाचं चांगलं झालं. त्याच्या घरची सासू बघितलीत?"

तानासे हसला. "बघणार आहे."

"मग बिया घेऊन जा. ती पाहुण्याला काही देत नाही."

मला ही पोर आवडते. पण आवडणं हा पुरावा नाही. तिच्या हातून रोज ते पाणी जात होतं, आणि लिका रोज सकाळी फाटकाशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. नजर गळ्यावर.

३

सासू पारास्किव्हा यादीत दुसरी. तिला नातू हवा होता आणि सून नको होती; दोन्ही एकाच पोटातून येतात हा तिचा देवाशी जुना वाद.

"मी विष घालीन?" ती तानासेवर ओरडली. "माझ्या रक्ताला? घालायचंच असतं तर हिला नसतं घातलं?"

"तेच विचारणार होतो," तानासे म्हणाला. "घरात सोरा आहे?"

"कुणाच्या घरात नाही? ख्रिसमसला डुक्कर कापतो, मांस काय प्रार्थना करून टिकतं?"

मी सोबत होते, कारण पारास्किव्हा एकट्या पुरुषाला चुलीपाशी येऊ देत नाही. चुलीवर साबिनाची मातीची हंडी अजून तशीच होती. आत तळाशी थोडं पाणी, आणि काठापर्यंत पांढरी जाड खपली. आमचं पाणी जड. सगळ्यांच्या भांड्यांत अशी खपली चढते. पण ही बोटभर होती.

"हे पाणी पोराच्या दुधाचं?"

"हो," साबिना दाराशी उभी होती. "मी कच्चं पाणी त्याला कधी दिलं नाही, हवालदारसाहेब. बाळंतपणाला गेले तेव्हा नर्सने बजावलं होतं, गावात सगळ्यांचे संडास म्हणजे अंगणातले खड्डे, पाणी उकळल्याशिवाय पाजू नकोस. मी उकळायची. खूप उकळायची."

"तुम्ही दोघी तेच पाणी पीत होता?"

"तेच. आम्हाला काय झालंय?" पारास्किव्हा म्हणाली. "मी तर तिप्पट पिते. मला मधुमेह."

तानासेने एका बाटलीत हंडीतलं पाणी घेतलं, दुसरीत विहिरीचं, आणि दोन्ही जिल्ह्याला पाठवली. निकाल घेऊन तो दुकानात आला तेव्हा त्याच्या तोंडात बी नव्हती. हे मी प्रथमच पाहिलं.

"विहिरीत नायट्रेट आहे. बऱ्यापैकी आहे. पण हंडीत त्याच्या कितीतरी पट आहे, मावशी."

 विहिरीपासून हंडीपर्यंत विष वाढलं होतं. म्हणजे ते घरात घातलं गेलं. आणि त्या घरात दोनच बायका होत्या.

४

तानासेने साबिनाला एकटीला बोलावलं. मी दुकानाचं दार लावून घेतलं.

"सासूने हंडीला कधी हात लावला?"

"नाही. पोराची हंडी माझीच. तिला मी शिवूही देत नव्हते."

 पोरीने स्वतःच्या गळ्यात फास घालून घेतला होता.

"बरं. मग मला सांग, संध्याकाळी उरलेल्या पाण्याचं काय करायचीस?"

"काय करणार? फेकता येत नाही. ग्रिगोरेच्या नावाचं होतं ना ते. हंडीतच ठेवायची."

"आणि सकाळी?"

"स्मारांदा नवी बादली आणायची, त्यातलं वरून ओतायची आणि पुन्हा उकळायला ठेवायची. चूल दिवसभर चालूच."

"हंडी धुवायचीस?"

"धुतलं की धुवण बाहेर टाकावं लागतं. ते चालत नाही."

 तानासेने माझ्याकडून मिठाची पुडी आणि पाण्याचा पेला मागितला. चिमूटभर मीठ पाण्यात विरघळवलं.

"हे मी चुलीवर ठेवलं आणि निम्मं आटवलं, तर खारटपणा निम्मा होईल?"

"वाढेल," साबिना म्हणाली. आणि तिथेच थांबली.

"उकळल्याने जंतू मरतात, पोरी. नर्स खोटं नाही बोलली. पण हे विष जंतू नाही. हे मिठासारखं आहे. पाणी वाफ होऊन जातं, हे मागे राहतं. तू त्यावर रोज नवं ओतलंस, रोज आटवलंस. मोठ्या माणसाचं शरीर हे सोसतं. महिन्या-दोन महिन्यांच्या पोराचं रक्त सोसत नाही. घरात कुणी काही घातलं नाही."

साबिनाने मिठाचा पेला बाजूला सारला.  

"म्हणजे नाव माझंच."

"नाही."

"मी उकळलं."

"जिला ठाऊक नव्हतं तिचं नाव मी लिहीत नाही," तानासे म्हणाला. "विहिरीत ते आलं कुठून, हे मला समजतं. वर मुशातच्या डुकरांचे खड्डे, खाली विहीर, मध्ये नुसती वाळू. आपले सगळ्यांचे संडासही त्यात आपापली वर्गणी घालतात, मावशीचाही."

"माझा खड्डा खोल आहे," मी म्हणाले.

"तेच तर, मावशी. पाण्यापर्यंत पोचतो." तो पुन्हा साबिनाकडे वळला. "पण घाण करणं ही एक गोष्ट. ते पाणी वाईट आहे हे माहीत असताना तुझ्या दाराशी पाठवणं ही दुसरी. ते कुणाला माहीत होतं का, एवढंच उरलंय. तोवर ही गोष्ट या दाराबाहेर जाणार नाही. स्मारांदाची बादली घेत राहा, वापरू नकोस. बरण्यांत भरून ठेव."

"आणि गावातली बाकीची पोरं?"

"तान्हं दुसरं एकच आहे. मुशातचा नातू. बाटलीवर आहे, आणि ठणठणीत आहे."

हे बोलता बोलता त्याची मान हळूच माझ्याकडे वळली.

५

मुशातकडे चाळिसाव्याच्या जेवणाची तयारी होती. मेणबत्त्या, तांदूळ, साखर माझ्याकडून जाणार होतं. तानासे माझ्या गाडीत बसला. पोती उचलायला, म्हणे. एकही उचललं नाही.

फानेल मुशात दिलदार माणूस, हे त्याच्याकडूनच सगळ्यांना कळतं. त्याने आम्हाला अंगणात बसवलं. त्याची आई वेता, ग्रिगोरेची विधवा, कॉफी घेऊन आली. वाकलेली, गोड म्हातारी. गावात तिच्याविरुद्ध बोलणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि मी शोधलंय. शहरातून आलेली फानेलची मुलगी मिहाएला पाळण्यात पोराला झोके देत होती. गुलाबी, गुटगुटीत पोर.

"साबिनाचं फार वाईट झालं," फानेल म्हणाला. "दफनाचा खर्च मीच देणार होतो. घेतला नाही तिने. मानी बाई."

"तुमचं तिच्याशी काही वाकडं?"

"छे! मी तिचं भलंच केलं. बापाचं पाणी तिला दिलं."

कॉफी माझ्याच दुकानातली, पण माझ्या घरच्यापेक्षा चव चांगली. मला राग आला. तानासे साखर आणायच्या निमित्ताने उठून स्वयंपाकघरात गेला आणि आतून म्हणाला, "वेताआजी, किती जुनी किटली ही!"

"माझ्या लग्नातली. मागे एकदा आतून खरवडून काढली, तेव्हापासून तशीच आहे," वेता म्हणाली. "लेक मात्र मला नवं झाकण घेऊन देत नाही."

तानासेने किटली दारात आणली. बाहेरून काजळीने काळीकुट्ट, दांडा जळका. त्याने झाकण उघडून ती माझ्यापुढे धरली, जणू कॉफी उरलीय का दाखवतोय. आतून किटली चकाकत होती. पांढरी खपली नावालाही नाही.

मी तोंड मिटून घेतलं. हे मला फार क्वचित जमतं.

"फानेलशेठ, डुकरांना पाणी कुठलं?" तानासेने विचारलं.

"बोअर मारलीय मागे. खोल. दोन वर्षं झाली."

"का? विहीर आहे की."

"पुरत नाही हो ती. उन्हाळ्यात तळ दिसतो."

स्मारांदाचा निम्मा गुंडाळलेला दोर माझ्या डोळ्यांपुढे आला. तानासे नुसता मान हलवत होता.

"त्याआधी पिल्लं मरत होती ना आमची," वेता भाबडेपणाने म्हणाली. "डुकरांचा डॉक्टर आला, विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन गेला, आणि मग..."

"आई, आत जा. दूध उतू जाईल."

चुलीवर दूध नव्हतंच.

गाडीत तानासे म्हणाला, "डुक्कर वाचवलं. नातू वाचवला. स्वतःची कॉफीही वाचवली. विहीर बंद केली असती तर लोकांनी विचारलं असतं, का? मग खड्डे तपासायला माणसं आली असती. म्हणून बापाच्या नावाने तेच पाणी खाली पाठवत राहिला. त्यात वैर नाही, मावशी. वैर असतं तर मला समजलं असतं."

साबिनाने सगळं ऐकून घेतलं. "याला शिक्षा काय?"

"दंड. खून म्हणून काही नाही. आणि तोही वकील लावून लांबवेल. त्याला ठाऊक होतं हे त्याच्या तोंडून यायला हवं."

"तुमचा दंड तुम्ही घ्या," ती म्हणाली. "माझा मी घेते. कुऱ्हाड राहू द्या पोत्यामागेच."

६

चाळिसाव्या दिवशी सगळं गाव ओढ्याकाठी जमतं. शेवटची बादली तिथे येते. मग मुलगी तीनदा विचारते, पाणी पोचलं का? आणि ज्या घराने पाणी घेतलं त्या घरची बाई तीनदा सांगते, पोचलं. तिच्या साक्षीशिवाय सगळे चाळीस दिवस फुकट. मेलेला तिकडे कोरड्या झऱ्यापाशी तहानलेला बसून राहतो, कायमचा. आजवर कुणी नाही म्हटल्याचं आमच्या गावात ऐकिवात नव्हतं.

फादरनी प्रार्थना संपवली. फानेल पुढे, काळ्या कोटात. वेताच्या कडेवर पणतू. स्मारांदाने बादली टेकवली.

साबिना म्हणाली, "शेवटच्या पाण्याचा पहिला घोट घरातल्या लहानग्याला द्यावा, असं माझी आजी म्हणायची. ग्रिगोरेबाबाला गोड वाटेल. माझ्या घरी आता लहान कुणी नाही. तुमच्याकडे आहे."

लोक हळहळले. वेताचे तर डोळेच भरले. "खरंच गं पोरी. किती मोठं मन तुझं." तिने साखळीवरून काढून आणलेला पेला बुडवला आणि पोराच्या ओठांशी नेला.

फानेलने दोन पावलांत येऊन आईच्या हातावर असा फटका मारला, की पेला दगडावर आपटून ओढ्यात गेला.

 पोर रडायला लागलं.

"थंड आहे पाणी," फानेल म्हणाला. "सर्दी होईल त्याला."

तानासे गर्दीतून पुढे आला. "एका घोटाने त्याला काही झालं नसतं, मुशात. पण काही होऊ शकतं, हे तुला कसं माहीत? मी तर अजून कुणाला सांगितलं नव्हतं."

 मिहाएलाने आजीच्या कडेवरचं पोर घेतलं आणि बापापासून लांब जाऊन उभी राहिली. लिका पुढे सरकला; साबिनाने मागे न बघता त्याचं मनगट धरलं.

"विचार, स्मारांदा," ती म्हणाली.

"साबिना," स्मारांदा म्हणाली. "ग्रिगोरेच्या नावाचं पाणी पोचलं का?"

"नाही पोचलं."

वेताने किंकाळी फोडली. "पोरी, त्याने काय केलं तुझं? तो तर मेलाय!"

"पोचलं का?"

"नाही पोचलं."

"मी बोअर मारून देतो," फानेल भराभरा बोलू लागला. "सगळ्या गावाला. नळ देतो दारोदार. माझ्या खर्चाने. साबिना, बापाला असं ठेवू नकोस!"

"नळ दे. प्यायला घेईन मी," साबिना म्हणाली. "स्मारांदा, तिसऱ्यांदा विचार."

फादर काहीतरी पुटपुटले, पण मध्ये पडले नाहीत. स्मारांदाने विचारलं. उत्तर तेच.

७

पुढचं मी गल्ल्यामागून बघतेय. विहिरीवर झाकण ठोकलं. मुशातवर खटला उभा राहिला आणि तारखा पडू लागल्या. डुकरं त्याने निम्मी विकली. बोअरचा नळ चौकापर्यंत आला, आणि आम्ही सगळे ते पाणी पितो, चवीला नावं ठेवत. स्मारांदाला लिकाची माफी ऐकायला मिळाली. ती म्हणाली, तोंड धुवून पुन्हा माग. माझ्यासकट कुणी आपल्या अंगणातला खड्डा मात्र अजून बदललेला नाही.

मुशातने चाळीस दिवस साबिनाच्याच दारी नव्याने सुरू करायचं ठरवलं; ज्या घराने नाही म्हटलं, त्याच घराने पोचलं म्हणायला हवं. वाहायला गावात एकही मुलगी तयार होईना. तेव्हा म्हातारी वेता स्वतःच निघाली; कुमारी मिळाली नाही तर विधवेचं चालतं. रोज सकाळी ती वरून बोअरचं पाणी आणते, दर वळणावर बादली टेकवते, पुन्हा उचलते. वर फाटकाशी फानेल उभा असतो. त्याला बादली धरायची मनाई आहे. पुरुषाने धरली की ते पाणी बाटतं. तो बघतो.

साबिना दारात थांबलेली असते. उशीर झाला तरी आत जात नाही. म्हातारीच्या हातून बादली दोन्ही हातांनी, अगदी मानाने घेते, आणि तिच्या पायांपाशी रस्त्यावर रिकामी करते. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग कडी वळवून बादली परत देते.

मी एकदा मध्ये पडायला गेले होते. म्हटलं, साबिना, हिची काय चूक? तिने माझ्याकडे बघितलंदेखील नाही. म्हाताऱ्या बाईचा सुटलेला रुमाल तिने हलक्या हाताने नीट बांधून दिला.

"उद्या पुन्हा या, वेताआजी."